वाचकांचे प्रश्न : मुलींची हॉकी आणि वारली चित्रे

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलींच्या हॉकी सामन्यात आदिवासी कलेचा गौरव करावा, असा विचार आहे. जर्सीवर वारली चित्रे छापणे योग्य ठरेल का?
— एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर

उत्तर : अवश्य छापा. भारतीय हॉकीचा इतिहास आदिवासी खेळाडूंना वगळून सांगताच येत नाही. १९२८ च्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा पुढे संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी बोलले, आणि झारखंडच्या निक्की प्रधान व सलीमा टेटे यांनी ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले.

मात्र बाजारातील तयार नक्षी उचलू नका. पालघर जिल्ह्यातील एखाद्या वारली चित्रकाराकडून रीतसर मोबदला देऊन चित्र काढून घ्या आणि त्याचे नाव फलकावर ठळकपणे लिहा. लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो लग्नचौक काढतात, त्यात पालघट देवीची स्थापना असते. घामाने भिजणाऱ्या, धुळीत लोळणाऱ्या जर्सीवर तो नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तारपा नाच, शेतीची कामे, झाडे, पक्षी हे विषय चालतील; तरीही अंतिम निवड चित्रकारावर सोपवावी.

शिवाय वारली ही काही सोलापूरची कला नव्हे. (उद्घाटनाला पाहुण्यांसमोर आदिवासी वेशात आदिवासी नसलेल्या मुली नाचवण्याची हौस तर टाळावीच.) आपल्या जिल्ह्यात पारधी या आदिवासी समाजाच्या वस्त्या आहेत, तेथील मुलींना प्रेक्षक म्हणून नव्हे, तर खेळाडू म्हणून बोलवा, आणि स्टिक, बूट व येण्याजाण्याचा खर्च शाळेने उचलावा.