भरतीची उंची आणि लाटेची उंची

पावसाळ्यात ‘आज समुद्राला मोठी भरती, साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशा धाटणीच्या बातम्या येतात. हा प्रयोग बरोबर आहे का, आणि लाट, भरती व उधाण हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, असे कोल्हापुरातील एका वाचकाने विचारले आहे. प्रयोग चुकीचा आहे. भरतीच्या वेळापत्रकातून उचललेला तो साडेचार मीटरचा आकडा लाटेच्या उंचीचा नसून पाण्याच्या पातळीचा असतो.

हा फरक कोल्हापूरकरांना सहज कळावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे आकडे दर पावसाळ्यात आपल्या तोंडी असतात. पण नदीला ४३ फुटांची लाट आली, असे कोणी म्हणत नाही. भरतीचा आकडाही त्याच जातीचा आहे. त्या बंदरातील ओहोटीची जवळजवळ सर्वांत खालची पातळी शून्य धरून तेथून पाणी किती चढेल, एवढेच तो सांगतो. लाटा उठतात त्या या चढलेल्या पाण्याच्या पाठीवर, आणि वारा पडलेला असेल तर साडेचार मीटरची भरती येऊनही समुद्र शांत दिसू शकतो.

दोहोंची कारणेच वेगळी आहेत. लाट बहुतेक वेळा वाऱ्यामुळे उठते. वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, यावर तिची उंची ठरते. संध्याकाळी वारा सुटल्यावर रंकाळ्याच्या काठी उभे राहून पाण्यावर पडलेले एखादे पान पाहावे. लाट त्याच्याखालून निघून काठाच्या दगडांवर येऊन फुटते, पान मात्र उचलले जाऊन जवळजवळ होते तिथेच परत बसते. भरती ही चंद्राच्या आणि त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी प्रमाणात सूर्याच्या आकर्षणाची करणी आहे. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूला ओढ अधिक आणि पलीकडच्या बाजूला कमी, या तफावतीमुळे समुद्राचे पाणी दोन्ही बाजूंना चढू पाहते; म्हणूनच कोकण किनाऱ्यावर सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने पुन्हा भरती येते. रंकाळ्याला लाटा आहेत, पण डोळ्यांना दिसेल अशी भरती नाही, यातच या दोन शब्दांचा भेद आला.

उधाण हा शब्द अधिक नेमका आहे. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते व भरती नेहमीपेक्षा वर चढते, ते उधाण. त्याच दिवसांत ओहोटीही नेहमीपेक्षा खाली जाते, त्यामुळे ‘उधाणाची ओहोटी’ हा प्रयोग विचित्र वाटला तरी अगदी शुद्ध आहे. अष्टमीच्या आसपास दोन्ही ओढी काटकोनात असतात आणि पाण्याची चढउतार मंदावते. तिला भांगाची भरती म्हणतात. हा सुंदर शब्द घाटावर जवळजवळ कोणी वापरत नाही, याचे मला वाईट वाटते. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा आहे: चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. तो स्थूल आहे, पण पंचांग हाताशी असणाऱ्याला पुरेसा आहे. वेळ हा आपला शब्द ज्या ‘वेला’पासून आला, त्या संस्कृत शब्दाला काळ, भरती आणि समुद्रकिनारा असे तिन्ही अर्थ आहेत, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

खवळलेल्या समुद्राला ‘उधाण आले’ म्हणणे बोलण्यात रुळले आहे आणि ‘उत्साहाला उधाण’ ही तर भाषेची कमाई आहे. त्यांना माझा आक्षेप नाही. त्सुनामीला ‘भरतीची लाट’ म्हणणे मात्र टाळावे, कारण ती प्रामुख्याने समुद्रतळ भूकंपाने हलल्यामुळे येते, चंद्राशी तिचा संबंध नाही. आणि जिथे आकडा द्यायचा, तिथे बातमीने असे लिहावे: ‘दुपारी भरतीची पातळी साडेचार मीटरपर्यंत जाईल, वारा जोराचा असल्यास लाटाही मोठ्या असतील.’