थंडीत झाडांच्या खोडांवर दिसणारं शैवाक कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात महाबळेश्वरला जांभळांच्या खोडांवर राखाडी चट्टे आणि फांद्यांवर दाढीसारखं काहीतरी लोंबताना दिसलं, ते काय आणि झाडाला रोग तर नाही ना?

रोग नाही. ते शैवाक, म्हणजे लायकेन. बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. झाड ही नुसती बसायची जागा. तुम्ही ते खाल्लंही असणार, कारण गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. नावात दगड असला तरी बाजारातलं बरंचसं झाडांच्या सालीवरूनच आलेलं असतं.

म्हणून पहिला धडा मी घरच्या डब्यापासून घ्यायला सांगतो. दगडफुलाची पुडी ताटलीत ओता. रुंद पाळ्यांचा तुकडा निवडा. वरून राखेसारखा, उलटा केला की कोळशासारखा काळा आणि कडेला तपकिरी पट्टी? तो पार्मोट्रेमा, शैवाकाचा एक वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. त्याच पुडीत अरुंद, फितीसारखे तुकडेही निघतील. त्यांची जात वेगळी. पुडीत भेसळ नाही, गोळा करणारे सगळ्यालाच दगडफूल म्हणतात.

आता झाडाकडे. पानासारखं दिसत असेल तर कड नखाने हलकेच उचलून खालचा रंग बघा. उचलतच नसेल, सालीला रंगासारखं चिकटलं असेल, तर तो खपलीचा प्रकार. त्यात गुळगुळीत सालीवर काळ्या, तुटक, वळणदार रेघा दिसल्या, जणू कुणी बोरूने मोडीत काहीतरी खरडलंय, तर ते ग्राफिस. हे एकदा ओळखलं की विसरत नाही.

दाढीसाठी खाली पडलेली काटकी शोधा, झाडावरचं तोडू नका. एक दोरा ओला करून दोन्ही टोकांनी सावकाश ताणा. वरचं आवरण तडकून आत पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा दोरा दिसला तर उस्निया. चपटी फीत आणि आत दोरा नाही, तर बहुधा रामालिना.

पाण्याची बाटली मात्र हवीच. दोन थेंब टाकले की राखाडी शैवाक बघता बघता हिरवं होतं. वरची त्वचा पारदर्शक होऊन आतलं शैवल दिसतं. काळपट असून भिजल्यावर जेलीसारखं फुगलं, तर लेप्टोजियम असण्याची शक्यता जास्त.

थंडीच बरी. पावसाळ्यात शेवाळ सगळं झाकून टाकतं, डिसेंबरात ते सुकून आकसतं. पण सकाळी दवात जा. दुपारी शैवाक पापडासारखं कुरकुरीत होतं आणि हात लावताच मोडतं.

फोनमधल्या अ‍ॅपने सांगितलेल्या प्रजातीवर मी विश्वास ठेवत नाही. त्यासाठी दहापट भिंग, रंग बदलतो का ते बघायला पोटॅशचा (एका क्षाराच्या द्रावणाचा) थेंब, कधी कधी प्रयोगशाळाही लागते. मी स्वतः वंशापर्यंत येऊन थांबतो. अपवाद एकच: शहरातल्या आंब्याच्या खोडावरचं पिक्सिने कोकोएस. रात्री अतिनील टॉर्च मारा, पिवळं चमकतं.