वाचकांचे प्रश्न : बिडाच्या तव्याची निगा

प्रश्न : मुलाने दिवाळीत बिडाचा दांड्याचा तवा आणून दिला. धिरडी आणि धपाटे त्यावर छान होतात. पण घासून ठेवला की दुसऱ्या दिवशी तांबूस डाग दिसतात. गंज येऊ नये म्हणून मी भरपूर तेल लावून ठेवू लागले, तर आता तवा चिकट झाला आहे. दुकानदार म्हणतात की साबण अजिबात लावू नका, तर सासूबाई म्हणतात की राखेने घासा. नेमके काय करावे?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : साबणाची भीती आपण मनातून काढून टाकावी. तव्यावरचा काळा थर म्हणजे नुसते तेल नव्हे. तेलाचा अगदी पातळ लेप चांगला तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडाला धरून बसणारा टणक पापुद्रा तयार होतो. भांडी घासण्याच्या आजच्या द्रवसाबणाने वरचा तेलकटपणा निघतो, हा पापुद्रा निघत नाही. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा शिल्लक असण्याची शक्यता असे आणि त्याने मात्र थर विरघळतो. दुकानदारांचा नियम त्या काळचा आहे. राखेतही क्षार असतात, शिवाय ती खरखरीत असते, म्हणून सासूबाईंचा उपाय पितळेच्या भांड्यांपुरता ठेवावा. तांब्या-पितळेसाठी मिळणारी आंबट पूडही या तव्याला लावू नये.

तांबूस डागांचे कारण घासणे नसून ओल हे आहे. मराठवाड्यात बहुतेक घरी बोअरचे जड पाणी वापरले जाते. ते तव्यावर तसेच वाळू दिले तर आधी पांढरट ठिपके आणि मग त्यांच्याभोवती गंज दिसू लागतो. म्हणून तवा कोमट असतानाच धुवावा, काही चिकटले असेल तर जाडे मीठ आणि नारळाची शेंडी वापरून काढावे, लगेच पुसावा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटे ठेवून पूर्ण कोरडा करावा. दांड्याच्या मुळाशी आणि काठाच्या आतल्या बाजूला पाणी हमखास राहते, तिकडे लक्ष द्यावे. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, कारण बीड ठिसूळ असते आणि तडकते. रात्रभर भिजत ठेवण्याचा तर विचारही करू नये.

आता चिकटपणाविषयी. आपण लावलेले तेल जास्त आहे, आणि ते पुरेसे तापलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. गरम पाणी, साबण आणि काथ्याने तो चिकट भाग निघेल तितका काढावा, तवा कोरडा करून तापवावा, चमचाभर तेल आतून, बाहेरून आणि दांड्यालाही चोळावे, आणि मग कोरड्या सुती फडक्याने ते जणू चुकून लागले होते अशा रीतीने पुसून टाकावे. यानंतर तवा मध्यम आचेवर, अधूनमधून फिरवत, धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा आणि आपोआप निवू द्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण धूर बराच होतो. असे तीन-चार वेळा केल्यावर चकाकी दिसू लागते. घरात ओव्हन असेल तर तवा पालथा घालून २३० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवल्यास काठही एकसारखे तापतात. गॅसवर मधला भाग पुढे आणि काठ मागे राहतात.

तेल कोणते, हेही सांगतो. आपल्याकडची करडई यासाठी उत्तम आहे, कारण तिच्या तेलाचा पापुद्रा चांगला धरतो. सूर्यफूल आणि सोयाबीनही चालतात. जवसाच्या तेलाची पुष्कळ स्तुती होते, परंतु त्याचा थर कडक झाला तरी पुढे टवके उडण्याचा संभव असतो, म्हणून मी ते सुचवत नाही. तूप किंवा खोबरेल लावून ठेवल्यास थर नीट बनत नाही. भाकरी मात्र पातळ लोखंडी तव्यावरच भाजावी. कोरड्या तव्यावर मोठ्या आचेने हा थर जळून पांढुरका पडतो, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता.

प्रश्न : माळ्यावर आजेसासूबाईंची बिडाची कढई सापडली. सगळीकडे गंज आहे. मोडीत काढावी का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी दांड्याला धरून बोटाने वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर बहुधा ठीक. बद्द आवाज आल्यास भेग शोधावी, आणि भेग असेल तर ती खरोखरच मोडीत द्यावी. नसेल तर गंज लोखंडी काथ्याने घासून काढावा. तरीही राहिला तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवावी, दर दहा मिनिटांनी पाहत राहावे, कारण गंज संपल्यावर आम्ल लोखंडच खाऊ लागते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडी करून वरीलप्रमाणे तेल धरावे. उघडे बीड तासाभरात पुन्हा तांबूस होते, म्हणून हे काम एकाच बैठकीत करावे.

प्रश्न : बिडाच्या कढईत अंबाडीची भाजी केली तर काळी पडते आणि लोखंडाची चव येते. ती खावी का?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : खाण्यास हरकत नाही. अंबाडी, चुका, चिंच आणि टोमॅटो यांच्या आंबटपणाने थर झिजतो आणि लोह भाजीत उतरते. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असल्यास, किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार कुणाला असल्यास, बिडाच्या भांड्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ठरवावे. एरवी या भाज्या स्टीलच्या पातेल्यात कराव्यात, आणि कढईत केल्याच तर शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढून घ्याव्यात. जेवण होईपर्यंत ती कढईतच राहिली की चव बिघडते आणि कढईचा थरही जातो.