मत दिलं नाही, तरी मतदारच

प्रश्न : आमच्या तांड्यावरची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. २०२४च्या विधानसभेला, मतदानाच्या दिवशी ती कारखान्यावर होती. गावात लोक म्हणतात, 'मत दिलंच नाही, मग कसले मतदार?' हे बरोबर आहे का? मतदार आणि मतदाता एकच का?
– एक वाचक भगिनी, वडवणी तालुका (जि. बीड)

उत्तर : ताई, ती माणसं मतदारच आहेत. 'मत' संस्कृत आणि 'दार' फारसी. दार म्हणजे बाळगणारा. जमीनदाराकडे जमीन, हक्कदाराकडे हक्क, तसं मतदाराकडे मत. ते दिलं की नाही, हे त्या शब्दात कुठंच येत नाही. 'मतदाता'मध्ये मात्र 'दाता' आहे, म्हणजे देणारा. उर्दूतला 'राय-दहिंदा'ही देणाराच. हिंदीत सर्रास मतदाता म्हणतात, आपल्याकडेही भाषणांतून तो ऐकू येतो. मला आपला 'मतदार'च नेमका वाटतो.

१९५१चा लोकप्रतिनिधित्व अधिनियमही ज्याचं नाव यादीत आहे त्यालाच मतदार धरतो. म्हणून १८ पूर्ण झालेली, पण नमुना ६ (नाव नोंदवायचा अर्ज) न भरलेली मुलगी पात्र खरी, मतदार अजून नाही. बातमीत 'पात्र मतदार नोंदणीपासून वंचित' असं छापतात, तिथं 'पात्र नागरिक' हवं.

आणि टक्केवारी बघा. मतदान ६५ टक्के झालं म्हणतो, ते यादीतल्या सगळ्यांपैकी. न आलेले मतदारच नसते, तर आकडा दर वेळी १०० आला असता.

शिक्षक असताना मी बऱ्याच निवडणुकांत केंद्रावर ड्युटी केली. मतदार आला की यादीतल्या त्याच्या नावाच्या चौकटीवर तांबड्या शाईची रेघ मारायची. एका वर्षी तांड्यावरच्या केंद्रावर एक म्हातारी आली. तिच्या चौकटीवर रेघ पडली, शेजारच्या मुलाच्या आणि सुनेच्या चौकटी कोऱ्या. मी विचारलं, 'बाकीचे येणार का?' ती म्हणाली, 'लेकरं कारखान्यावर हायेत. त्येंचं मत मी टाकलं तर चालंल का, सर?'

चालणार नव्हतं, तसं मी तिला सांगितलं. पण 'त्येंचं मत' हे तिचं अगदी बरोबर होतं. संध्याकाळी यादी मिटताना त्या दोन कोऱ्या चौकटींवर माझी नजर बराच वेळ राहिली.

'तांड्यावरच्यांनी मतदान केलं नाही' एवढंच म्हणा.