जज ड्रेड सोडून २००० एडीमध्ये काय वाचू?

तुम्ही म्हणताय जज ड्रेडच्या (भविष्यातल्या शहरातला कडक पोलीस-न्यायाधीश) केस फाइल्सचे, म्हणजे त्याच्या जुन्या गोष्टींच्या संग्रहाचे, पहिले दोन खंड वाचले, आवडले, पण आता तेच तेच वाटतंय, तर पुढं वाचू का सोडून देऊ. अहो सोडू नका, फक्त ड्रेडला थोडे दिवस बाजूला ठेवा. २००० एडी हे मुळात ब्रिटिश कॉमिक्सचं साप्ताहिक, फेब्रुवारी १९७७ पासून चालू आहे, आणि एका अंकात (अंकाला ते प्रॉग म्हणतात) साधारण पाच गोष्टी असतात, प्रत्येकीला पाच-सहा पानं, लेखक वेगळा, चित्रकार वेगळा. नुसता ड्रेड वाचला म्हणजे थाळीतली एकच भाजी खाल्ली.

माझं ऐकाल तर आधी हॅलो जोन्स घ्या. अ‍ॅलन मूर आणि इयन गिब्सन, १९८४. पहिल्या भागात काय होतं, तर हॅलो आणि तिच्या मैत्रिणी सामान आणायला बाहेर पडतात, बास, पण त्यांच्या वस्तीत बाजारात जाऊन धड परत येणं हीच मोठी मोहीम असते. सुरुवातीला त्यांची बोली कळत नाही, नेटाने वाचत राहा, दहा पानांत कान बसतो. तिसऱ्या भागात हीच हॅलो सैन्यात जाते आणि एका ग्रहावर गुरुत्वाकर्षण इतकं प्रचंड की तिथं लढताना वेळच हळू चालते, आत थोडा वेळ जातो तोवर बाहेर कितीतरी दिवस उलटलेले असतात. ते प्रसंग मला अजून छळतात.

युद्धकथा आवडत असतील तर रोग ट्रूपर, निळ्या कातडीचा सैनिक, मेलेल्या तीन मित्रांची व्यक्तिमत्त्वं साठवलेल्या चिप्स त्याच्या बंदुकीत, हेल्मेटमध्ये आणि पाठीवरच्या बॅगेत, आणि ते तिघं सतत बोलतात. स्ट्रॉन्शियम डॉग (म्युटंट बाउंटी हंटरची गोष्ट) मात्र कार्लोस एझ्क्वेराच्या चित्रांसाठी वाचा, ती जाड तुटक बाह्यरेषा एकदा डोळ्यात बसली की कुठंही ओळखाल. स्लेन तर सायन्स फिक्शनच नाही, केल्टिक पुराणातला कुऱ्हाडवाला योद्धा, त्यातलं सायमन बिझ्लीने रंगवलेलं हॉर्न्ड गॉड नक्की बघा.

मग ड्रेडकडे परत या, पण थेट पाचव्या खंडावर, त्यात अपोकॅलिप्स वॉर ही मोठी युद्धकथा आहे. आणि त्यानंतर १९९० मधली 'अमेरिका' ही ड्रेडची गोष्ट, ड्रेडचा मूळ लेखक जॉन वॅग्नर याचीच. तिच्यात लोकशाही मागणारी माणसं आहेत आणि ड्रेड त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. ती एका बैठकीत वाचा, मध्ये उठू नका.