जुना होम सर्व्हर : डिस्क गेली, की जोडणी बिघडली?

प्रश्न : जुन्या कोअर टू ड्युओ पीसीचा घरी सर्व्हर केला आहे. वळवाच्या पावसात दिवसभर लाइट नव्हती. आल्यापासून विंडोज १० चा लोगो दिसतो, मग निळी स्क्रीन येते आणि पीसी रिस्टार्ट होतो. तारीखही भलतीच जुनी दाखवतो. दुकानदार म्हणतात, हार्ड डिस्क गेली. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नवी डिस्क घ्यायची घाई करू नका. तारीख मागे गेली म्हणजे मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली दिसते. प्लगमधून वीज मिळते तोवर ते कळत नाही. लाइट गेली की बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रॅममधली) सगळी सेटिंग मूळपदावर येतात. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर साटा मोड (बोर्डने डिस्कशी बोलण्याची पद्धत) मुळात जुना ‘आयडीई’ असतो. तुमचं विंडोज नव्या पद्धतीच्या ‘एएचसीआय’वर टाकलेलं असेल, तर बूट होताना त्याला डिस्कच सापडत नाही. निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं असेल, तर बहुधा हेच कारण.

वायर काढा, बॅटरी बाहेर काढून मल्टिमीटरवर मोजा. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या थोडं वर दाखवते, २.८ च्या खाली असेल तर बदला. मग पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ किंवा ‘स्टोरेज कॉन्फिगरेशन’खाली साटा मोड सापडेल. एएचसीआय करा, तारीख लावा, एफ१० ने सेव्ह करा.

पण दोन डिस्कची रेड जोडी (दोन्ही मिळून एकच डिस्क म्हणून चालणारी) केलेली असेल, तर मोड ‘रेड’च ठेवायचा. तिथे एएचसीआय निवडलं की डिस्क सुट्या दिसतात आणि विंडोज कधी कधी ‘इनिशियलाइझ’ (डिस्क कोरी समजून नव्याने तयार) करायला सांगतं. त्या खिडकीत कॅन्सलच दाबा. इंटेलच्या रेडची माहिती डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात असते. ती शाबूत असेल तर मोड परत फिरवल्यावर जोडी सहसा जशीच्या तशी उभी राहते. एका चुकीच्या ‘ओके’ने घरातले सगळे फोटो जाऊ शकतात, म्हणून हे बजावून सांगतो.

प्रश्न : आमचा सर्व्हर आयडीईवरच चालतो. एएचसीआय करायला विंडोज १० पुन्हा टाकावं लागेल का? (मिरज)

उत्तर : नाही. एमएसकॉन्फिग (विंडोजमधलंच सेटिंगचं साधन) उघडा, बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करा. रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला. सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) उघडला की टिक काढून पुन्हा रिस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. खात्याचा पासवर्ड आधी आठवून ठेवा.

प्रश्न : लग्नांचे फोटो कॉपी करताना डिस्क मध्येच गायब होते, थोड्या वेळाने परत दिसते. (कराड)

उत्तर : क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तीन ओळी पाहा : ०५ (बदललेले खराब भाग), सी५ (संशयित भाग) आणि सी७ (डेटा पाठवतानाच्या चुका). पहिल्या दोन वाढत असतील तर डिस्कच खराब होते आहे. आधी फोटो दुसरीकडे हलवा, बाकीचं नंतर. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा असतो. इथले आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) असतात, ‘१०’ म्हणजे सोळा. फंक्शन मेनूतून ते डेसिमल करता येतात. केबल बदलली तरी सी७ शून्यावर येत नाही. म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा, क्लिपवाली नवी केबल लावा, २०-३० जीबी कॉपी करून पुन्हा बघा. आकडा हलला नाही, तर काम झालं. हलला, तर बोर्डवरचा पोर्ट बदलून बघा.

प्रश्न : एक्स्टर्नल बॉक्समधली ८ टीबीची डिस्क काढून सर्व्हरला लावली. फिरण्याचा आवाजही येत नाही. बॉक्समध्ये घातली की चालते. (वाई)

उत्तर : डिस्क चांगली आहे. नव्या साटा नियमात पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात, आणि जुना पॉवर सप्लाय नेमके तिथेच ३.३ व्होल्ट देतो. मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) टू साटा वायर लावा, तिच्यात ३.३ व्होल्ट नसतात. मात्र एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला कनेक्टर घेऊ नका. तसे आतून शॉर्ट होऊन जळतात. दुसरा उपाय म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी पिवळसर कॅप्टॉन टेप. डेटा केबलच्या बाजूने मोजून डिस्कवरची तिसरी पिन झाका. पहिल्या तिन्ही झाकल्या तरी चालतं. काही बॉक्स डेटा एन्क्रिप्ट करतात, त्यामुळे डिस्कवर आधीचं काही असेल तर बॉक्समध्ये घालूनच ते आधी उतरवून घ्या.