पोटावरचा पट्ट्याचा वळ

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. पारोळ्याच्या बाजूला, महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयात तुझी नेमणूक झाल्याचे समजले. तिथे मोटार अपघातातले जखमी नेहमीच येतील, म्हणून हे लिहीत आहे.

फार वर्षांपूर्वी, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, माहेरी निघालेल्या एका लेकीला भावासह माझ्याकडे आणले होते. भावाच्या कपाळावरची जखम शिवण्यात माझा अर्धा तास गेला. ती मात्र "माले काही व्हयनं नही" असे म्हणत बाकावर बसून राहिली, आणि तिच्या बेंबीखाली उमटलेला सीटबेल्टचा आडवा वळ मी केवळ मुका मार म्हणून सोडून दिला. संध्याकाळी तिचे पोट लाकडासारखे कडक झाले. आतडे फाटले होते. शस्त्रक्रियेने ती वाचली, पण ते गेलेले तास मला आजही टोचतात. पट्टा जीव वाचवतो, याबद्दल शंका नको. परंतु तो मांडीच्या सांध्याजवळच्या हाडांवरून न जाता पोटावर सरकलेला असेल, तर धक्क्याचा सारा भार आतड्यांवर येतो. म्हणून असा वळ दिसला की रुग्णाला घरी न पाठवता त्याचे पोट पुन्हा पुन्हा तपास.

रक्तदाब चांगला आहे एवढ्यावर विसंबू नकोस. तरुण शरीर जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत तो टिकवून धरते. नाडी त्याआधीच वेगावलेली असते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता लिटरभर रक्त आत साचू शकते. गुडघा डॅशबोर्डवर आदळून पाय आखूड व आत वळलेला दिसला, तर खुब्याचा सांधा निखळला असे समज आणि त्याला धुळ्याला किंवा जळगावला लगेच पाठव, कारण तो शक्यतो ६ तासांच्या आत बसवावा लागतो. मानेचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सुरू होते, हे घरच्यांना सांगून ठेव. डोक्याला मार लागून शुद्धीवर आलेला माणूस बोलता बोलता पुन्हा गुंगू लागला, तर मात्र एक क्षणही थांबू नकोस.

जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूंना २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्यांच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू नकोस. गाडी कुठून धडकली आणि कोण कुठे बसले होते, एवढे मात्र ते निघण्यापूर्वी प्रेमाने विचारून घे.

तुझे,
सर